बरं हाय म्हणायचं न्हाई

आमच्या गल्लीत आक्कांना "कसं काय?" विचारायची कुणाची छाती नव्हती. नवखा माणूस मात्र फसायचा. दूधवाला बदलला, पहिल्याच दिवशी तोंडभर हसून म्हणाला, "काय आक्का, बरं हाय न्हवं?" आणि किटली धरून अर्धा तास दारात उभा राहिला. कारण आक्का खरं सांगायच्या. सगळं सांगायच्या. डावा गुडघा जिना चढताना दुखतो, उतरताना दुखत नाही. रात्री दोनदा उठावं लागतं. परवापासून पोट साफ नाही, आणि त्याच्या आदल्या दिवशी कसं झालं होतं तेही. बाकीच्या घरांचं दूध त्या दिवशी दहा वाजता पोचलं.

एका लग्नात तर कहर झाला. आक्का अक्षता घेऊन उभ्या, शेजारी नवरीचा मामा. त्यानं आपलं रीतीला धरून विचारलं, "तब्येत काय म्हणतीया?" मंगलाष्टकं संपली, हार पडले, वाजंत्री वाजली, लोक पंगतीला बसले, मामा अजून आक्कांच्या पित्ताशयात अडकलेला. मी त्यांना बाजूला ओढलं आणि म्हटलं, "आक्का, असं कोण सांगतं व्हय लग्नात?" तर माझ्यावरच उखडल्या. "इचारलं कशाला मग त्येनं? इचारायचं आन् ऐकायचं न्हाई, ही कुठली रीत गं?"

आक्कांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्याबद्दल गल्लीत विचाराल तर सगळे हसतील आणि हाच लग्नाचा किस्सा सांगतील. सांगू देत. पण मला त्यांच्याबद्दल जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, म्हणून मीच सांगितलं पाहिजे.

मी त्यांची भाडेकरू. कानडी मुलखातल्या वडगावात, विणकरांच्या गल्लीत, ओळीनं तीन खोल्या, पुढं अंगण आणि अंगणात एक नळ. पहिल्या खोलीत आक्का, शेवटच्या खोलीत मी, मधल्या खोलीत कधी कुणी, कधी कुणी. त्यांचे मालक तरुणपणीच गेलेले, मुलगा पुण्याला नोकरीला. आक्का तीसएक वर्षं एका सरकारी दवाखान्यात अटेंडर होत्या, आणि त्यातली पुष्कळ वर्षं त्यांचं स्टूल एकाच दाराशी होतं. त्या दाराआड मेडिकल बोर्ड बसायचं. म्हणजे अपंगांना तपासून कोण किती टक्के अपंग ते कागदावर लिहून देणारे डॉक्टर. आक्कांनी नावं पुकारायची आणि एकेकाला आत सोडायचं.

नोकरी संपली तरी स्टूल काही सुटलं नाही. नळाला पाणी आलं की अंगणात उभ्या राहून पुकारायच्या, "नेक्स्ट!" दोनदा पुकारायच्या, तिसऱ्यांदा नाही. दोन हाकांत घागर घेऊन आला नाहीत तर तुमचा नंबर शेवटी. सुट्टीला आलेला त्यांचा मुलगा एकदा तोंडाला साबण लावून उभा होता, डोळे मिटलेले, बादली हातात. त्यालाही मागं सारलं. बिचारा डोळे चोळत रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहिला.

घरात कुठलाही कागद आला की त्याच्या पाच झेरॉक्स. लाइट बिलाच्या पाच, लग्नपत्रिकेच्या पाच. दर सहा महिन्यांनी स्टुडिओत जाऊन पासपोर्ट फोटो काढून घ्यायच्या, कारण "फोटो सा म्हैन्याच्या आतला पायजे." कुठं द्यायचाय, कुणी मागितलाय, ते विचारायचं नाही. जुने झालेले फोटो टाकवत नाहीत म्हणून देव्हाऱ्याच्या मागच्या भिंतीला ओळीनं चिकटवलेले. हात जोडले की समोर देव आणि देवांच्या मागं वीस-पंचवीस आक्का, सगळ्या तुमच्याकडं रोखून बघणाऱ्या.

बोर्डाच्या दाराशी बसलेली बाई म्हणून लांबलांबची माणसं त्यांना विचारायला यायची. कुठला फॉर्म, कुठला दाखला, कुठल्या खिडकीत. आक्का सगळं सांगायच्या, वर चहा पाजायच्या. एकदा अनगोळचा एक गडी आला. चांगला धट्टाकट्टा. दारातूनच लंगडत आत आला. "पाय अधू हाय आक्का, तेवढं बोर्डात सांगा की," म्हणाला. आक्कांनी त्याला चहा दिला. मग म्हणाल्या, "अंगणात जरा फिरून दाखीव बगू. धा फेऱ्या." गडी लंगडायला लागला. आम्ही बायका नळावर भांडी घासत बसलेलो. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. चौथ्या फेरीला त्यानं पाय बदलला! उजवा अधू होता तो डावा झाला, आणि त्याच्या ध्यानातही नाही. मधल्या खोलीतली बाई हसून हसून नळाला टेकली. आक्का हसल्या नाहीत. "सा फेऱ्या ऱ्हायल्यात," म्हणाल्या आणि सहाच्या सहा करून घेतल्या. मग फाटकापर्यंत सोडायला गेल्या. "तुज्यासारखा एक आत जातोय आन् त्येच्यामागनं खऱ्या माणसाकडंबी सायब संशयानं बगतोय. पुन्ना ह्या दाराला दिसलास तर खराच लंगडा करून धाडीन."

आता माझं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मला संधिवात आहे. म्हातारपणी गुडघे धरतात तो नव्हे. माझा एकतिसाव्या वर्षीच आला आणि हातातच मुक्काम ठोकला. सकाळी उठलं की बोटं सुजलेली, मूठ वळत नाही, मनगट दगडासारखं. दोन-अडीच तास गेले की हळूहळू सैल होतं. दुपारी मी मशीनवर कांड्या भरते. मागाच्या धोट्यात सुताची कांडी बसवतात, ती. दुपारी मला काम करताना बघून कुणी म्हणणार नाही की ही बाई सकाळी चहाचा कप दोन तळव्यांत धरून पिते आणि दाराची कडी कोपरानं काढते. म्हणजे माझा आजार दिवसा लपतो. आणि सगळी सरकारी हापिसं दिवसाच उघडतात.

लग्नाचं म्हणाल तर जमतंय जमतंय म्हणेपर्यंत बोटं वाकडी दिसायला लागली आणि विषय मिटला. आई-वडील गेले. भाऊ उचगावला घर बांधून राहिला. माझ्या कमाईत भाडं आणि पोट भागायचं, औषध बसायचं नाही. ते भाऊ द्यायचा. द्यायचा म्हणजे आठवण झाली की. महिनाभर गोळ्या, मग पंधरा दिवस त्याच्या फोनची वाट, तोवर हात पुन्हा सुजलेले. आणि दर खेपेला एकच पालुपद, "हितंच येऊन ऱ्हा की गं. दोन चुली कशाला?" वाईट नव्हता हो. पण त्याच्या घरात मी कोण? वहिनीच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात ठेवलेली वळकटी! मला माझी खोली पाहिजे होती, माझी मशीन आणि माझं कुलूप.

आमच्याकडं अपंगांना सरकार दरमहा जे देतं त्याला सगळे अपंगाचा पगार म्हणतात. रक्कम ऐकून तुम्ही हसाल. पण माझ्या गोळ्या त्यात बरोबर बसत होत्या. तो पगार मिळाला तर खोली राहणार. नाही मिळाला तर गोळ्यांसाठी भावाकडंच जायचं, दिवाळीला सामान टेम्पोत आणि मी उचगावला. भावानं टेम्पोवाल्याला विचारूनसुद्धा ठेवलं होतं. त्या पगारासाठी बोर्डाचा कागद लागतो, आणि त्यावर निदान चाळीस टक्के.

पहिल्या वेळी मी आक्कांना न विचारताच गेले. शहाणी ना मी! भाचीच्या बारशातली मोरपंखी साडी नेसले, ठसठशीत कुंकू लावलं, केसांत गजरा माळला. सायबांपुढं जायचं तर नीटनेटकं नको का? बोर्ड बसलं अकराला. माझे हात साडेनवालाच सुटलेले. आत तीन डॉक्टर, मधले वयानं मोठे. त्यांनी चष्म्यावरून बघत कानडीत विचारलं, "हेंग अदीरि अम्मा?" कशा आहात? आणि माझ्या तोंडातून आपसूक निघून गेलं, "आराम अदीन्री." आराम आहे! दुसरं काय येणार? लहानपणापासून तेच शिकवलंय आपल्याला. जीव चाललेला असला तरी पाव्हण्याला बरं हाय म्हणायचं.

मग ते दोन बोटं पुढं करून म्हणाले, दाबा. मी विणकराची पोर. परीक्षा म्हटली की जीव तोडून द्यायची. अशी दाबली की डॉक्टरांची बोटं लाल झाली. माझी कळ मस्तकात गेली, पण चेहऱ्यावर दाखवीन तर शपथ. "चलो अद," म्हणाले, चांगलं आहे. मी हसत बाहेर आले. पास झाले असंच वाटलं हो मला. येताना पेढे पण आणले.

कागद आला. अठ्ठावीस टक्के.

तो घेऊन आक्कांकडं गेले. त्यांनी वाचला, उलटा करून बघितला आणि विचारलं, "काय नेसून गेलतीस?" सांगितलं. "गजरा?" "व्हय." "बोटं दाब म्हटल्यावर काय केलीस?" "दाबली की. चांगली दाबली." आक्कांनी कपाळाला हात लावला. "अगं भवाने, तू काय कुस्तीला गेलतीस?"

मग त्या स्टुलावर बसल्या आणि कधी नव्हे ते सावकाश बोलल्या. "तीस वर्सं बगत आले मी. लबाड असत्यात ते आत जाताना लंगडत्यात. आन् खरी माणसं दारात आली की पदर सारखा करून ताठ हुत्यात. एक म्हातारी, माज्या स्टुलाजवळ भुईवर बसून दोन तास कण्हत हुती. आत गेली, सायबानं इचारलं, तर म्हनाली 'आराम हाय, देवाची किरपा.' मला ऐकू येत हुतं भाईर. लई वाटायचं, आत शिरावं आन् सांगावं सगळं. पर अटेंडरनं बोलायचं नसतंय." त्यांचा आवाज चढला. "नाव पुकारायचं आन् गप बसायचं. तीस वर्सं गप बसले."

मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं की लग्नात मामाला पित्ताशय ऐकवणारी ही बाई नुसती चक्रम नव्हती. इतकी वर्षं दुसऱ्यांचं खरं दाबून ठेवल्यावर स्वतःचं दाबायचं नाही, एवढं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. मला माझीच लाज वाटली, कारण दूधवाल्याच्या किश्शाला सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायचे.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी तोवर कुणाला सांगितली नव्हती. सकाळी माझ्या हातांना परकराची नाडी बांधता यायची नाही.

खोली घेतली त्याच वर्षीच्या थंडीतली गोष्ट. नळावर आक्कांनी मला दोन हाका मारल्या, मी गेले नाही. तेव्हा त्या खोलीत शिरल्या. मी परकर कोपरांनी कंबरेशी धरून उभी होते आणि रागानं रडत होते. अर्धा तास झाला होता, नाडीची दोन टोकं बोटांत येत नव्हती. आक्का पुढं झाल्या, नाडी ओढली, गाठ मारली. मग म्हणाल्या, "घागर आण आता. नंबर गेला तुजा, शेवटाला उभी ऱ्हा." नंबर काही परत दिला नाही! दुसऱ्या दिवशी बरोबर सातला दार वाजलं. "उघड." त्या दिवसापासून रोज. पाऊस असो, ताप असो, भांडण झालेलं असो. भांडण झालेलं असलं की गाठ जरा जास्त आवळायच्या, एवढंच. आणि स्वतःच्या पोटाचं गाऱ्हाणं दूधवाल्यापासून भटजीपर्यंत सगळ्यांना ऐकवणारी ही बाई माझ्या नाडीबद्दल गल्लीत कधी एक अक्षर बोलली नाही.

आम्ही फेरतपासणीचा अर्ज केला. आक्कांनी अट घातली, "खोटं एक अक्षर बोलायचं न्हाई. पर खरं एक अक्षर गिळायचंबी न्हाई." मधल्या खोलीतल्या बाईनं मला हळूच सल्ला दिला होता, आठ दिवस गोळ्या बंद कर, हात चांगले सुजतील, मग जा. आक्कांच्या कानावर ते गेलं आणि त्यांनी असला तोंडाचा पट्टा सोडला की ती बाई दोन दिवस नळावर आली नाही.

मग माझी शिकवणी सुरू झाली. सातला गाठ मारताना विचारायच्या, "आज काय जमलं न्हाई?"

"कप धरता आला न्हाई, पर चालतंय."

"चालतंय कशाला म्हनतीस? इचारलं कुणी तुला?"

"दाराची कडी निघाली न्हाई. कोपरानं काढली, झालं काम."

"पुन्ना तेच! काम झालं ते सायबाला कशाला सांगतीस? त्येला डोळं हायत, पर त्येला तुजं सात वाजल्यालं दिसत न्हाई. त्यो अकराला येतोय. सातचं तूच त्येच्याम्होरं न्ह्यायाला पायजेस."

दिसायला सोपं, पण मला पंधरा दिवस लागले. दुखणं सांगून झालं की माझी जीभ पाठोपाठ त्यावर पांघरूण घालायचीच. मग सराव म्हणून मला बाजारात पिटाळलं. जो पहिला कसं काय विचारेल त्याला खरं सांगून यायचं. नेहमीच्या भाजीवालीनं विचारलं, "काय गं, बरं हाय?" मी दम घेतला आणि म्हटलं, "न्हाई. सकाळी हात चालत न्हाईत माजं." तिनं तराजू खाली ठेवला. माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "माजाबी खांदा वर जात न्हाई बग दोन वर्सं. केस विंचरायला पोरगी लागती. कुणाला सांगायचं?" अर्धा तास आम्ही दोघी बोललो. भाजी घ्यायची राहूनच गेली.

बोर्डाच्या दिवशी मी रोजची सुती साडी नेसले. हाताचे एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, माझ्या डॉक्टरांची चिठ्ठी, सगळ्याच्या पाच-पाच झेरॉक्स आक्कांच्या पिशवीत. त्यांनी नोकरीतली पांढरी, निळ्या काठाची साडी काढून नेसली होती. त्यांच्या स्टुलावर आता एक तरणा अटेंडर बसलेला. त्यानं एका माणसाला तिसऱ्यांदा हाक मारली, तर आक्का गप्प बसतील? "दोनदा पुकारायचं. तिसऱ्यांदा न्हाई," म्हणाल्या. तो बावचळून उठूनच उभा राहिला.

माझं नाव आलं. सोबतीला एक माणूस चालतो, म्हणून आक्का आत आल्या आणि माझ्या मागं भिंतीशी उभ्या राहिल्या. तेच तीन डॉक्टर. मोठ्यांनी तेच विचारलं, "हेंग अदीरि?"

आराम हा शब्द अगदी दातांपर्यंत आला होता. गिळला. म्हटलं, "आराम इल्री." बरं नाही.

त्यांनी मान वर केली. बोटं पुढं केली. मी जेवढं जमलं तेवढं दाबलं आणि थांबले. "हितनं पुढं कळ येती, सायब." मनगट वळवून बघितलं, कोन मोजला, एक्स-रे उजेडाला धरला. घरात काय काय जमत नाही ते विचारलं. मी कप सांगितला, कडी सांगितली, पोलक्याचे हुक सांगितले. तेवढ्यात बाजूचे तरुण डॉक्टर म्हणाले, "आत्ता तर हात बऱ्यापैकी वळतोय की."

खरंच वळत होता. साडेअकरा वाजले होते ना! पुन्हा अठ्ठावीस, पुन्हा टेम्पो, पुन्हा उचगाव. मागं आक्कांचा श्वास ऐकू येत होता, पण त्या बोलेनात. बोलायचं माझं मला होतं. खोलीत तीन पुरुष डॉक्टर, टायपिंग करणारा क्लार्क, आणि आमच्या पुढच्या नंबरचा, कुबड्या घेऊन दारात उभा असलेला माणूस. माझं वय त्रेचाळीस. जे मी सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं ते ह्या सगळ्यांपुढं सांगायचं होतं. कानडी कुठल्या कुठं पळाली, मराठीतच बोलले.

"सायब, आता वळतोय. सकाळी सातला वळत न्हाई. सकाळी मला परकराची नाडी बांधता येत न्हाई."

क्लार्कचं टायपिंग थांबलं. थांबू दे म्हटलं. "तीन वर्सं झाली. बांधता येत न्हाई आन् सोडताबी येत न्हाई. पहाटं संडासला घाईची लागली तर मी काय करत असंन, तुमीच सांगा."

मोठ्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग कोण बांधतं?" मराठीत विचारलं त्यांनी.

"ह्या."

मी वळून बघितलं. आक्का हात मागं बांधून अटेंडरसारख्या ताठ उभ्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसत नव्हत्या. "सातला, सायब," एवढंच म्हणाल्या. "रोज." डॉक्टरांनी त्यांना ओळखलं. मग मला खुर्ची ओढून दिली आणि हात किती वेळ आखडलेले राहतात, कधीपासून, गोळ्या किती दिवस चुकतात, सगळं सावकाश विचारून लिहून घेतलं. तरुण डॉक्टरांनी माझी बोटं पुन्हा हातात घेतली, ह्या वेळी फार हलकेच.

पंचेचाळीस टक्के. पाच वर्षांसाठी, मग पुन्हा तपासणी.

पुढं पगाराची अर्जी द्यायला नाडकचेरीत, म्हणजे महसुलाच्या हापिसात, चार खेपा झाल्या, पण आक्का बरोबर असताना चार म्हणजे काहीच नाही. दिवाळीच्या आधी पगार सुरू झाला. भावाला फोन करून सांगितलं, टेम्पोवाल्याला नको म्हणून कळव. तो म्हणाला, "बरं झालं गं." मनापासून म्हणाला असावा. मी माझ्या खोलीत, माझ्या दारात पणत्या लावल्या.

गोळ्या आता एक दिवस चुकेनात. तीन-चार महिन्यांत फरक दिसायला लागला. सूज उतरली. पहिल्यांदा कपाचा कान धरता आला. आणि एके दिवशी सात वाजायच्या आधी, सहज बघावं म्हणून नाडीची टोकं धरली तर बोटांत आली. घातली गाठ! वेडीवाकडी, पण माझी. मी एकटीच खोलीत खुळ्यासारखी हसत सुटले. चहा ठेवला, दोन कप काढले, अंगावर टॉवेल घेतला आणि वाट बघत बसले.

सातला दार वाजलं. "उघड."

उघडलं. मी टॉवेल बाजूला करून गाठ दाखवली. आक्का बघत राहिल्या. "कुणी बांधली?"

"मी."

त्यांनी माझा हात घेतला आणि बाजारात भेंडी बघतात तसं एकेक बोट दाबून, वाकवून बघितलं. "ब्येस झालं," म्हणाल्या. "पाच वर्सांनी बोर्डाला जाशील तवा हेबी सांगायचं. लपवायचं न्हाई."

"व्हय आक्का."

एरवी गाठ मारली की त्या लगेच जायच्या, नळाची वेळ असायची. त्या दिवशी स्टुलावर बसल्या. चहा प्याल्या. कप खाली ठेवला, तरी उठेनात. अंगणात नळ वाहायला लागला होता, त्यांनी पुकारलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत बसल्या. मग बसची वेळ विचारावी तसं साधंच विचारलं, "मग उद्यापासनं सातला मी काय करू गं?"

मी भिंतीकडं तोंड केलं आणि नाडीचं टोक धरून ओढलं.

"आक्का," मी म्हटलं, "सैल बसलीया वाटतं. सुटली बगा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, नाडीकडं बघितलं. तोंड उघडलं, आणि मिटलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, माझ्यापुढं आल्या आणि पोटाला वळ उठेल अशी आवळून गाठ मारली.

त्यानंतर त्या दीड वर्ष होत्या. शेवटच्या सकाळपर्यंत माझी नाडी त्यांनीच बांधली.